वाचक विचारतात : पीए ‘बघतो’ म्हणाले, पत्रिका छापू का?

प्रश्न : वाचनालयाच्या वर्धापनदिनी भाषणाला यावं म्हणून एका मंत्र्यांना दीड महिन्यापूर्वी पत्र दिलं. पीए फोनवर म्हणतात, “बघतो, येतील.” पत्रिका छापायला टाकावी का?
– कार्यवाह, जुळे सोलापूर

उत्तर : अजिबात टाकू नका. ‘बघतो’ म्हणजे होकार नव्हे. तारीख दौऱ्यात चढेपर्यंत कार्यालय कशालाच बांधील नसतं. नाव छापलं आणि पाहुणे आले नाहीत, तर लोक संस्थेलाच बोल लावतात.

आधी पत्र पोचलं का ते पाहा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात नसेल तर नवं पत्र द्या, मुंबईच्या आणि मतदारसंघातल्या अशा दोन्ही कार्यालयांत. एकीकडे दिल्याचा उल्लेख दुसऱ्या प्रतीवर करा, नाहीतर दोन पीए दोन वेगळी उत्तरं देतात.

पत्र एका पानाचंच हवं. सुरुवातीलाच तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि एक पर्यायी तारीख. मग पाहुण्यांनी नेमकं काय करायचं ते. बहुतेक पत्रं इथेच फसतात. ‘उपस्थित राहून मार्गदर्शन करावे’ एवढ्यावरून उद्घाटन, अध्यक्षपद की व्याख्यान, काहीच कळत नाही. विषय लिहा, भाषणाची वेळ लिहा (२० मिनिटं पुरेत), श्रोते किती आणि व्यासपीठावर आणखी कोण तेही लिहा. विरोधी पक्षाचे नेते असतील तर ते मुळीच लपवू नका. आयत्या वेळी कळलं तर पाहुणे विश्रामगृहावरूनच परत फिरतात.

तारखेचं भान हवं. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्पी. या काळात शनिवार-रविवारच मागा. आषाढीच्या आठवड्यात जिल्ह्याची सगळी यंत्रणा पंढरपुरात असते, तर संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरात गाड्या पुढे सरकत नाहीत.

पाठपुरावा एकाच माणसानं करावा, आठवड्यातून एकदा. चार कार्यकर्त्यांनी चार वेगवेगळ्या वेळा सांगितल्या की पीएचा विश्वास उडतो. होकार मिळाला की त्याच दिवशी ठरलेली तारीख-वेळ नमूद करून आभाराचं पत्र पाठवा आणि त्याचीही पोच घ्या. पत्रिका त्यानंतर. सोबत वाचनालयाची स्थापना, ग्रंथसंख्या आणि सभासद यांचं अर्ध्या पानाचं टिपण द्या. ते नसेल तर भाषण कुठल्याही गावी चालेल असं होतं.

सत्कार एकच ठेवा. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं पाहुण्यांना चादर पांघरवायची ठरवली की भाषणाची २० मिनिटं तिथेच जातात.

प्रश्न : नकार आला तर?
– याच वाचनालयाचे सहकार्यवाह

उत्तर : शुभसंदेश मागा, निदान १५ दिवस आधी. तो आला तसाच वाचा. पाहुण्यांच्या नावावर आपलं एकही वाक्य घालू नका.