साखर कमी केल्याने खरंच फायदा होतो का? घरात सगळेच गोड खाणारे असताना ती कमी कशी करायची?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. साखर कमी केल्यानं काही फरक पडतो का, घरात सगळे गोड खाणारे असताना सुरुवात कुठून करायची, आणि शेवटी, साखरेऐवजी गूळ चालेल का. मी डॉक्टर नाही, पण तो शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण याच गुळावरून आमच्या घरात लई दिवस बोलाचाली चालली होती. तर आधी तेच सांगून टाकते, गूळ चालत नाही. गूळ म्हणजे साखरच.

आमचं गाव मांजरा पट्ट्यातलं, लातूर आणि अंबाजोगाईच्या मधलं. घरचा ऊस, मामा म्हणजे माझे सासरे कारखान्याचे जुने सभासद. दिवाळीला सभासदाची साखर सवलतीच्या भावात घरी येते, मामांच्या आणि आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नावावरची मिळून पन्नास किलोचा कट्टा. आता विकतची साखर असली की बाई मोजून वापरते, कट्ट्यातली कोण मोजतंय, तांब्या भरून काढायची आणि डब्यात ओतायची. दिवाळीचा कट्टा गुढीपाडव्याच्या आसपास तळाला जायचा आणि खाणारी माणसं आम्ही आठ. हिशोब घातला तर माणशी रोज चाळीस ग्रॅम पडतात, त्यात दोन लेकरं पण आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ ला सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस हे सगळं धरून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत आणलं तर अजून चांगलं. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. आमच्याकडं तेवढी तर दुपारच्या आतच पोटात गेलेली असायची, बाहेरची बिस्किटं, पेढे, लग्नातली बुंदी वेगळीच.

हे सगळं मी कामून बघायला लागले, तर मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन ठरलं, आधी रक्त तपासलं तर एचबीए१सी ९.४. ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, ५.७ च्या खाली असलं तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह. डॉक्टर म्हणले आधी शुगर खाली आणा मग डोळा. गोळ्या सुरू झाल्या आणि घरी येऊन मामा ओसरीवर बसले आणि म्हणले, चहा टाक.

आता बहुतेक घरात काय करतात, एका माणसाला शुगर निघाली की त्याचा एकट्याचा चहा वेगळ्या भांड्यात, बिनसाखरेचा. बाकीच्यांचा तसाच गोड. मी हे चार घरी बघितलंय आणि एकाही घरी टिकलं नाही. शेजारी बसलेला माणूस बशीत ओतून फुरके मारतोय आणि ह्यांच्या हातात फिकं पाणी, कुणाला सहन होईल. आठ दिवसांनी माणूस म्हणतो आजच्या दिवस दे, आणि मग रोजच आजच्या दिवस होतं. म्हणून मी ठरवलं, चहा एकाच पातेल्यात होणार, सगळ्यांना एकच, आणि त्याचीच साखर खाली आणायची.

पण एकदम नाही. एकदम कमी केली की पहिल्याच घोटाला कळतं. मी आधी तांब्या बंद केला आणि डब्यात चमचा ठेवला, आठ कपांना सोळा चमचे पडत होते ते पंधरा केले. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग चौदा. मग तेरा. आलं थोडं जास्त ठेचायचं, वेलदोडा टाकायचा, पत्ती नीट उकळू द्यायची पण करपवायची नाही, कारण कडक चहाला साखर जास्त लागते. असं करत करत आठ कपांना सहा चमच्यांवर आले तोवर उन्हाळा लागला होता. आत्यांना माहीत होतं, त्यांनी साथ दिली, हे मला लिहायलाच पाहिजे. जिभेचं असंच असतं, हळूहळू उतरवलं की तिला तेच गोड लागायला लागतं. आता आमच्या घरचं कुणी बाहेर टपरीवर चहा प्यायलं की म्हणतं पाक आहे का चहा.

मग एक दिवस धाकले मामा आले, म्हणजे मामांचे सख्खे भाऊ, वाड्याच्या पलीकडच्या अंगाला राहतात. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणले, "काय गं, साखर संपली का कट्ट्यातली?" म्हणलं नाही मामा, आहे. "मग हा काढा कामून पाजायलीस म्हाताऱ्याला? आपण ऊस पिकवतो आणि आपल्याच घरात फिक्का चहा?" मी काही बोलले नाही, मोठ्या माणसाला दारात उलटं बोलायची आमच्यात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी ते गुळाची ढेप घेऊन हजर. देशी आहे, केमिकल नाही, गुळानं शुगर वाढत नाही, आमची आजी गूळ खाऊन नव्वद वर्षं जगली. तिकडं नणंदबाईंना फोन गेला, त्यांचा मला फोन, "वैनी, दादांच्या तोंडचा घास कामून काढायलाव." गावात बोललं जायला लागलं की सुनेनं सासऱ्याचा चहा तोडला.

मला याचा लई राग आला होता आणि अजूनही आहे, कारण सकाळ-संध्याकाळ गोळ्या देणारी मी, पायाला जखम झाली का बघणारी मी, आणि घास काढणारीही मीच.

तर गुळाचं नीट ऐका. उसाच्या रसातली साखर वेगळी काढून पांढरी केली की ती साखर, आणि तोच रस कढईत आटवला की गूळ. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच असतो, म्हणजे तेच जे कट्ट्यात असतं, शिवाय थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज. लोह, खनिजं असतात, खोटं नाही, पण चहात जाणाऱ्या खड्यात ती किती येणार. लोह पाहिजे तर मेथी, शेपू, हरभऱ्याची भाजी खा की. आणि केमिकलचं म्हणाल तर बाजारात तो पिवळाधमक गूळ लोक हौसेनं घेतात त्याला रंग यायला बऱ्याच ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात, हे गुऱ्हाळावर काम केलेल्या कुणालाही विचारा. मध आणि खडीसाखर, तीही शेवटी साखरच.

हे तोंडानं सांगून कुणी ऐकत नव्हतं म्हणून मी मामांना विचारून मशीनवर दाखवलं. ओसरीवरच बसलो होतो, धाकले मामा समोर. सकाळी उपाशीपोटी बोटातून थेंब काढला, मग दोन चमचे साखरेचा चहा, तासाभरानं परत थेंब. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाचा गूळ घालून चहा, सोनाराकडं असतो तसल्या छोट्या काट्यावर आमच्या ह्यांनी तोलून दिला. परत तासाभरानं. दोन्ही दिवशी आकडा दोनशेच्या आसपास. घरच्या मशीनचा आकडा थोडा मागंपुढं होतो मान्य आहे, पण गुळानं वाढतच नाही म्हणणाऱ्यानं ते डोळ्यानं बघितलं. धाकले मामा म्हणले मशीन खोटी आहे. मामा मात्र काही न बोलता उठले आणि ढेप गाईच्या खुराकात घालायला सांगितली.

आता फायदे विचारलेत तर. मामांचं रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं थांबलं, झोप लागायला लागली, एचबीए१सी पुढच्या तपासण्यांत उतरत ७.१ वर आलं आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं. गोळ्या चालू होत्या, सकाळी शेताकडं चालत जाणंही सुरू केलं होतं, त्यामुळं नुसत्या साखरेनं झालं असं मी म्हणणार नाही. आमच्या ह्यांना सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली होती, दारूला हात न लावणारा माणूस. साखरेतलं अर्धं फ्रुक्टोज असतं, त्याचा निकाल मुख्यतः लिव्हरच लावतं, आणि जास्त झालं की चरबी करून ठेवतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तीही चढते. त्यांचं पोट उतरलं. लेकरांचे दात किडायचे कमी झाले, कारण तोंडातले जंतू साखरेचंच आम्ल करतात. मला स्वतःला दुपारी जेवल्यावर डोळे मिटायचे ते कमी झालं. ज्यांना अजून काहीच नाही त्यांनी तर जास्त ऐकावं, २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभरचा अभ्यास आला त्यात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत असं निघालं.

चहाशिवाय दुसरं मोठं भोक म्हणजे लेकरांची पुडकी. साध्या ग्लुकोज बिस्किटात पाव हिस्सा साखर असते. दुधात टाकायची ताकदीची पावडर म्हणून जी विकतात तिच्या डब्यामागं अॅडेड शुगरचा आकडा वाचा आणि मग ठरवा. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १०-११ ग्रॅम, म्हणजे छोट्या बाटलीत दिवसाची साखर संपली. आम्ही बिस्किटं आणणंच बंद केलं, डब्यात भाजके शेंगदाणे, फुटाणे, हंगामात हुरडा. उन्हाळ्यात रसवंतीवर बसायची सवय आहे आपल्याकडं, तोही रस साखरच, महिन्यातून एखाद्या वेळी ठीक. घरी ताक करा, आंबील करा, नुसतं मीठ-जिऱ्याचं लिंबूपाणी करा. फळं मात्र सोडू नका, अख्खं फळ आणि साधं दूध यातली साखर त्या २५ ग्रॅममध्ये धरत नाहीत. शुगर असलेल्यानं आंबा, सीताफळ प्रमाणात खावं, आमच्याकडं केशर आंब्याची एक-दोन फोड मामांना जेवणाबरोबर देतो, आमरस वाटीनं नाही. आणि भाकरीला साखर नसते म्हणून कितीही खावी असंही नाही, तीही पोटात जाऊन ग्लुकोजच होते, ताटात वरण आणि भाजी वाढली तर एक भाकर आपोआप कमी जाते.

सणाला आम्ही काही तोडत नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला धोंडे होतात, येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात सगळं साग्रसंगीत होतं. लोकांना वाटतं साखर कमी म्हणजे पुरणपोळी बंद, अहो पुरणपोळी वर्षातून किती वेळा आणि चहा दिवसातून किती वेळा. नुकसान रोजच्यानं होतं.

पाहुण्यांचं अवघड असतं. आपल्याकडं फिका चहा दिला की घर कंजूष म्हणतात. मी आता साखरेची वाटी आणि चमचा ट्रेमध्ये वेगळा ठेवते, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं आमच्याकडं असाच असतो. आणि घरातला पुरुष शेजारी गप बसला तर सुनेचं कुणी ऐकत नाही, त्यानं स्वतः म्हणावं की मीच सांगितलंय. आमच्या ह्यांनी ते उशिरा का होईना म्हटलं आणि त्या दिवसापासून निम्मी बोलणी बंद झाली. तुम्ही पुरुष असाल आणि तुमची बायको हे करायचं बघत असेल तर तेवढं करा.

गोड गोळ्या, स्टीव्हिया यांचं कुणीतरी विचारेलच. शुगरवाल्यानं डॉक्टरला विचारून वापरावं, पण वजन उतरवायला म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०२३ ला सांगितलंय. आणि जीभ गोडालाच चटावलेली राहते ती राहतेच.

एक महत्त्वाचं राहिलं. ज्यांना इन्सुलिन आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे त्यांनी मनानं एकदम सगळं तोडू नये, डॉक्टरला सांगून डोस बघावा लागतो. मामांना एकदा शेतात जेवण लांबलं तर शुगर फार खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची असते, त्या वेळेला साखर हेच औषध. म्हणून त्यांच्या बंडीच्या खिशात साखरेची पुडी असतेच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्याची गाडी बोलवा.

आणि आधी तपासून घ्या, अंदाजानं काही करू नका. उपकेंद्रात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी फुकट तपासतात, आशाताई घरी येऊन फॉर्म भरून नेते. आमच्या धाकल्या मामांचा फॉर्म पण तिनं भरलाय, तपासायला ते अजून गेले नाहीत, आणि गुळाचं ते कुणाला सांगायला लागले की मी तेवढंच विचारते, मामा, तुमचा आकडा किती.