खोक्यावरचे ६५ वॅट आणि घरचं वीजबिल

प्रश्न : टॅली, जीएसटी रिटर्न्स आणि क्रोममध्ये वीसेक टॅब, असं दिवसाला दहा तास काम असतं. रायझन ५ ५६००जी आणि इंटेल आय५-१२४००, या दोन्ही प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलंय. मग बिल सारखंच येईल ना? (कर सल्लागार, कोल्हापूर)

सारखं आलं तर तो योगायोग. कूलर केवढा लागेल, हे ठरवण्यासाठी तो आकडा असतो. पूर्ण जोर लावला की ५६००जी ८८ वॅटपर्यंत जातो आणि १२४०० इंटेलच्याच कागदावर ११७ पर्यंत. पण व्हाउचर भरताना प्रोसेसर बहुतेक वेळ तुमच्या पुढच्या कळीची वाट बघत बसलेला असतो. तुमचं बिल ठरतं ते त्या बसून राहण्यावर.

या बाबतीत दोघेही चांगले, कारण दोन्ही चिप अखंड आहेत. रायझनचे ५६००एक्स किंवा ७६०० वेगवेगळे तुकडे जोडून बनतात. त्या तुकड्यांमधली ये-जा चालू ठेवायला रिकाम्या वेळीही वीज लागते, दहा-वीस वॅट सहज. वीस धरा : दहा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ६०० रुपये. वाचलेली युनिटं बिलातल्या सगळ्यात महाग स्लॅबमधून कमी होतात हे खरं, पण तेवढ्यासाठी चार-पाच हजार जास्त मोजू नका. मदरबोर्डसकट जो स्वस्त पडेल तो घ्या. फक्त १२४००एफ नको. त्यात पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं, मग वेगळं ग्राफिक्स कार्ड आलं आणि ते रिकामं बसूनही खातं.

प्रश्न : मुलगा शनिवार-रविवारी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. दुकानदार आय७-१४७००के घ्या म्हणतो. वीज कमी लागावी ही माझी अट आहे. (नाशिक)

दुकानदाराला तुमची अट ऐकूच गेलेली दिसत नाही. १४७००के २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि या दोन गेमना त्याची गरज नाही.

रायझन ५ ८६००जी बघा. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स हे दोन्ही गेम १०८० पिक्सेलवर बेताच्या सेटिंगला नीट चालवतं. मात्र रॅम १६ जीबीची एकच पट्टी लावून देत असतील तर थांबवा, ८-८ च्या दोन लावून घ्या. पोटातलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. एका पट्टीवर त्याचा श्वास कोंडतो, मग लोक प्रोसेसरला नावं ठेवतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का, तेही दुकानातच बघून घ्या.

पुढे कार्ड हवंच झालं, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये भागवतं. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) दाखवणारा असेल तर गेममध्ये फ्रेम्स ६० वर बांधा. न दिसणाऱ्या फ्रेम्ससाठी वीज कशाला जाळायची?

प्रश्न : रायझन ५ ७६००एक्स घेऊन झालाय. रेंडर (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करण्याचं जड काम) लावला की तापमान ९५ अंशांवर जातं. बदलू का? (ठाणे)

बदलू नका. ९५ ही त्याची कंपनीनेच ठरवलेली मर्यादा आहे. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह नावाच्या सेटिंगच्या आसपास वीज कमी करणारा इको मोड सापडेल, तिथे ६५ वॅट निवडा. विजेची कमाल मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते, वरच्या ६५ वॅटवाल्या ५६००जीची आहे तीच. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, गेममध्ये फरक कळणारही नाही.

प्रश्न : आमच्याकडे भारनियमन असतं. इन्व्हर्टरच्या १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीवर पीसी किती वेळ चालेल? (बार्शी)

१२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हातात हजार-अकराशे धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. कार्ड नसलेला पीसी, मॉनिटर आणि राउटर मिळून साध्या कामाला ८० वॅटच्या आसपास, एक पंखा नि दिवा मिळून आणखी ८०. सहाएक तास निघतील. कार्ड लावून गेम चालू केला तर तीन तासही कठीण.

इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा. साध्या मोडवर असेल तर वीज जाताक्षणी पंखा फिरत राहतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून निघालेले छोटे पीसी मिळतात, आय५-८५००टी वाले. घ्यावेत का? (डोंबिवली)

ऑफिसच्या कामाला जरूर. ३५ वॅटचा सहा कोअरचा प्रोसेसर, विंडोज ११ चालतं. गेमिंगचा विचार सोडा, त्या डबीत कार्ड मावत नाही. घेताना अडॅप्टर मूळचाच आहे ना, एवढं तपासा.