डिस्नेचा 'साँग ऑफ द साउथ' अधिकृत ब्लू-रेवर कधी येईल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' डिस्ने कधी ब्लू-रेवर आणेल का? तोवर ऑनलाइन मिळणारी 'रिस्टोअर्ड' डीव्हीडी घ्यावी का? आणि हल्लीच्या अतिसंवेदनशील वातावरणामुळेच हा सिनेमा अडकलाय ना? मी तिसऱ्यापासून सुरुवात करतो. ते उत्तर चुकलं की बाकीची दोन्ही चुकतात.

नाही, हल्लीच्या वातावरणाचा यात फारसा संबंध नाही. या सिनेमाला विरोध झाला तो १९४६ सालीच. नोव्हेंबरमध्ये अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. पाठोपाठ एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे वॉल्टर व्हाइट यांनी वर्तमानपत्रांना तार पाठवली. कलाकुसरीचं, संगीताचं, जिवंत नट आणि कार्टून एकाच चित्रात आणण्याच्या कौशल्याचं त्यांनी मोकळेपणाने कौतुक केलं, पण सिनेमा गुलामगिरीचं गोडगुलाबी चित्र रंगवतो, असा स्पष्ट आक्षेपही घेतला. व्हाइट यांनी स्वतः सिनेमा पाहिलेला नव्हता, सहकाऱ्यांच्या टिपणांवरून ते बोलत होते. सिनेमाचे चाहते हा मुद्दा नेहमी पुढे करतात आणि तो खराही आहे. पण न्यूयॉर्कच्या थिएटरबाहेर फलक घेऊन उभी राहिलेली माणसं काही तारेवर अवलंबून नव्हती. सिनेमा तयार होत असतानाच हॉलिवुडच्या सेन्सॉर कार्यालयानेसुद्धा सुचवलं होतं की ही गोष्ट १८७० च्या दशकातली, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरची आहे हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. ते केलंच नाही. सगळी मेख तिथे आहे.

अंकल रेमस, म्हणजे सिनेमातला गोष्टी सांगणारा कृष्णवर्णीय म्हातारा, हा गुलाम नाही. सिनेमाच्या शेवटाकडे तो गाठोडं उचलून मळा सोडून निघतो आणि त्याला कुणी अडवत नाही, एवढ्यावरून चौकस प्रेक्षकाला काळाचा अंदाज येतो. पण सामान्य प्रेक्षकाला दिसतं ते वेगळंच. भला मोठा मळा, गोऱ्या मालकिणीचं घर, खोपटांमधून राहणारी काळी माणसं, गात गात कामावर जाणारी, आणि गोऱ्या मुलाच्या सुखापलीकडे स्वतःचं आयुष्य नसलेला एक प्रेमळ म्हातारा. आपल्याकडे त्या काळाकडे कसं पाहिलं गेलं ते आठवून बघा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून जोतीरावांना ज्या लढ्याचं मोल कळलं होतं, त्या लढ्याचा मागमूसही त्याच दशकात घडणाऱ्या या सिनेमात नाही. मला या सिनेमातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आणि तरीही हा सिनेमा मिळाला पाहिजे, चांगल्या प्रतीत मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याचं मुख्य कारण अंकल रेमसची भूमिका करणारा जेम्स बॅस्केट.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एक जागा सांगतो. जॉनी नावाचा मुलगा घर सोडून पळून आलाय, रात्र आहे, शेकोटीच्या उजेडात रेमस गोष्ट सांगायला लागतो. कॅमेरा बॅस्केटच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आहे. चेहऱ्यावर आगीचा तांबूस उजेड, मागे काळोख. 'झिप-अ-डी-डू-डा' हे शब्द तोंडातून निघतात आणि त्याच क्षणी मागे लख्ख निळं आकाश उघडतं. तो गात गात रंगवलेल्या कार्टूनच्या जगातून चालू लागतो, खांद्यावर पाखरू येऊन बसतं. चाळीसच्या दशकात, संगणक नसताना केलेलं हे काम. पण त्या जागेत माणूस अडकतो तो तंत्रामुळे नाही. कोऱ्या सेटवर, समोर काहीच नसताना, आपल्याभोवती पक्षी-प्राणी आहेत याची खात्री तो माणूस नुसत्या नजरेने पटवतो. ब्रेर फॉक्स या कोल्ह्याचा घाईघाईत बोलणारा आवाजही त्याचाच.

हा सिनेमा ज्याच्या खांद्यावर उभा होता, त्या माणसाला अटलांटाच्या पहिल्या खेळाला जाता आलं नाही. शहरात वर्णभेदाचे कायदे होते. मार्च १९४८ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला, वयाच्या ४४ व्या वर्षी. अमेरिकेत घरी बसून हे काम बघायचा अधिकृत मार्ग आजही नाही.

आता डिस्नेचं वागणं बघा. सिनेमा इतकाच आक्षेपार्ह वाटत होता तर १९५६, १९७२, १९८० आणि १९८६ मध्ये तो पुन्हा थिएटरला का लावला? १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'स्प्लॅश माउंटन' ही पाण्याची राइड उघडली ती याच सिनेमातल्या सशा-कोल्ह्यांवर. तिथे अंकल रेमस कुठेच नव्हता. सिनेमात ससा डांबराच्या बाहुलीला चिकटतो, राइडमध्ये तो मधाच्या पोळ्यात अडकतो. गाणं मात्र तेच. पुढे जवळपास साडेतीन दशकं तिकिटं विकली गेली. म्हणजे प्राणी चालतात, गाणं चालतं, आणि ज्याच्या तोंडून ते आलं तो माणूस तेवढा अडगळीत. २०२० च्या जूनमध्ये राइड बदलण्याची घोषणा झाली, २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही बंद झाल्या आणि २०२४ मध्ये तिथे टियाना राजकुमारीची राइड आली. टोकियोतली तेव्हा तशीच ठेवली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातून जवळजवळ मिळतंच. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०१० च्या भागधारकांच्या सभेत हा सिनेमा कालबाह्य आणि बराच आक्षेपार्ह असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये ते आणखी पुढे गेले: आक्षेपार्ह चित्रणाबद्दलची सूचना जोडूनसुद्धा तो डिस्ने प्लसवर येणार नाही. 'डंबो', 'पीटर पॅन', 'अ‍ॅरिस्टोकॅट्स' यांना त्याच वर्षी लांब सूचना जोडल्या गेल्या आणि ते सिनेमे राहिले, हा एकटा बाहेर. ब्लू-रे विकून येणारा पैसा त्या कंपनीच्या हिशोबात किरकोळ आहे आणि होणारी चर्चा त्यांना नकोशी आहे. त्यामुळे डिस्ने स्वतःहून काढेल ही आशा मी धरत नाही.

त्यांची दुसरी पद्धत आणखी वाईट. 'फँटेशिया' (१९४०) मध्ये सनफ्लॉवर नावाची काळी अश्वकन्या (अर्धी मुलगी, अर्धी घोडी) होती, गोऱ्या अश्वकन्यांचे खूर घासून चमकवणारी. साठच्या दशकाच्या शेवटापासून तिचे शॉट कापले गेले. पुढच्या आवृत्त्यांत काही शॉट मोठे करून ती चौकटीबाहेर जाईल अशी सोय केली. सिनेमाच्या या, पास्टोरल सिम्फनीच्या भागात काही ठिकाणी चित्र अचानक जवळ आल्यासारखं आणि जाडंभरडं दिसतं ते त्यामुळे. अशा दुरुस्तीने सिनेमाही बिघडतो आणि १९४० मध्ये त्या स्टुडिओतल्या लोकांना हे सहज सुचत होतं हा पुरावाही जातो.

उलट बाजूने वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडे पाहा. २००५ च्या लूनी ट्यून्स कार्टूनांच्या तिसऱ्या डीव्हीडी संचात कृष्णवर्णीय अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग सुरुवातीला समोर येऊन बोलते. ही चित्रं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती लपवणं म्हणजे असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे, असं ती सांगते. डिस्नेनेही २००४ मध्ये युद्धकाळातल्या प्रचारपटांचा संच लेनर्ड माल्टिन या चित्रपट-समीक्षकाच्या प्रस्तावनांसह काढला होता, म्हणजे ही वाट त्यांना माहीत नाही असं नाही. २०२० मध्ये 'गॉन विथ द विंड' वॉर्नरच्या एचबीओ मॅक्सवरून काढला गेला आणि काही दिवसांतच चित्रपट-अभ्यासक जॅकलीन स्ट्यूअर्ट यांच्या प्रस्तावनेसह परत आला. वॉर्नरही सगळीकडे धीट नाही म्हणा. वर्णद्वेषी चित्रणामुळे १९६८ मध्ये टीव्हीवरून बाजूला काढलेली अकरा कार्टूनं, संग्राहक ज्यांना 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणतात, त्यातली आठ २०१० मध्ये टीसीएम या जुन्या सिनेमांच्या वाहिनीच्या महोत्सवात डोनाल्ड बोगल या इतिहासकाराच्या विवेचनासह पडद्यावर दाखवली गेली. तेव्हा संग्राहकांना वाटलं, आता संच येणार. त्या महोत्सवापाठोपाठ तो काही आला नाही.

आपल्याकडच्या लोकांना हे सगळं लांबचं वाटतं, म्हणून एक आठवण करून देतो. 'टॉम अँड जेरी'मधली जाड मोज्यांची, सपाता घातलेली, चेहरा न दिसणारी बाई आपण लहानपणी हसत बघितली. ती त्याच साच्यातली कृष्णवर्णीय मोलकरीण आहे. तिचा मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा, पण नव्वदच्या दशकात टीव्हीसाठी तो बदलून नव्याने ध्वनिमुद्रित केला गेला. बहुतेकांना आपण कुठला आवाज ऐकला हेही माहीत नसतं. संग्राहक मूळ प्रतीसाठी जीव टाकतात ते अशा कारणांनी.

आता डीव्हीडीचं. घेऊ नका. बाजारात फिरणाऱ्या बहुतेक प्रतींचे उगम दोनच: ब्रिटनमध्ये अधिकृतपणे निघालेली व्हीएचएस टेप आणि जपानची लेझरडिस्क. ब्रिटिश टेप पाल या टीव्ही-पद्धतीची. त्यात सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवतात, म्हणून ९४ मिनिटांचा सिनेमा ९० मिनिटांत संपतो आणि बॅस्केटचा खर्जातला आवाज किंचित वर चढतो. जपानी डिस्क एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीची, वेग बरोबर, पण गाणी सुरू झाली की चित्रावर जपानी अक्षरं येतात. माझ्या एका संग्राहक मित्राकडे 'एचडी रिस्टोअर्ड' असं छापलेली डीव्हीडी आहे. गाण्यांच्या वेळी पडद्याच्या खालच्या भागात धुरकट पट्टा दिसतो, अक्षरं पुसायचा प्रयत्न केलेला. व्हीएचएसच्या जेमतेम अडीचशे रेषांमधून एचडी कुठून काढणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! वर त्या पैशांतला छदामही सिनेमा जतन करणाऱ्या कुणाकडे जात नाही.

संग्रहात काही हवंच असेल तर जुनी ब्रिटिश टेप शोधा. आपल्याकडेही पालच पद्धत होती, त्यामुळे घरातला जुना व्हीसीआर चालू असेल तर ती सरळ चालते. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर सेकंडहँड दुकानांत बघायला सांगा. माझी तशीच आली, माझ्या मावसभावाने लेस्टरहून आणलेली. मुंबई-कोकणच्या हवेत टेपला बुरशी धरते, कॅसेटच्या खिडकीतून बघितल्यावर रिळाच्या कडेला पांढरट ठिपके दिसले तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, हेडही जाईल. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, उभी ठेवा. लेझरडिस्कच्या फंदात पडायचं असेल तर आधी चालणारा प्लेअर मिळतोय का ते बघा, आणि जुन्या डिस्कच्या आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर गंजला की चित्रावर रंगीत ठिपके नाचू लागतात, त्याला इलाज नाही.

खरी तारीख लक्षात ठेवायची ती १ जानेवारी २०४२. अमेरिकेत त्या काळच्या सिनेमांचा कॉपीराइट ९५ वर्षांचा. १९२८ चा 'स्टीमबोट विली' २०२४ उजाडताच मोकळा झाला, तसा हा २०४२ ला होईल. पण हक्क संपले म्हणजे प्रत मिळाली असं होत नाही. मूळ निगेटिव्ह डिस्नेच्याच तिजोरीत राहणार आणि ती द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. बाहेरच्यांना जुन्या थिएटर प्रिंटवर अवलंबून राहावं लागेल. त्यातल्या त्यात टेक्निकलर डाय-ट्रान्सफर पद्धतीच्या प्रिंटचे रंग पुष्कळ टिकतात, नंतरच्या साध्या रंगीत प्रिंट लालसर पडत जातात. म्हणून खाजगी संग्रहांत आज ज्या प्रिंट आहेत त्या थंड, कोरड्या जागी नीट राहणं फार महत्त्वाचं आहे.

तुम्ही कंपनीला पत्र लिहिणार असाल तर 'आमचं बालपण परत द्या' असं लिहू नका. तसली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने पडली असतील आणि १९४६ पासून दुखावलेल्या लोकांना त्यातून एवढंच कळतं की यांना आपली पर्वा नाही. मागणी नेमकी करा: न कापलेली प्रत, कृष्णवर्णीय अभ्यासकांचं समालोचन, बॅस्केट आणि याच सिनेमातली अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएल यांच्यावर स्वतंत्र माहितीपट, व्हाइट यांची तार जशीच्या तशी, आणि या गोष्टी मुळात कुणाच्या यावर एक प्रकरण. जोएल चँडलर हॅरिस हा गोरा पत्रकार, त्याने तरुणपणी तो कामाला होता त्या मळ्यावरच्या गुलामांच्या तोंडून ऐकल्या आणि १८८० पासून स्वतःच्या नावाने छापल्या. डांबराच्या बाहुलीची गोष्ट तर पंचावुध जातकातल्या चिकट केसांच्या यक्षाशी इतकी जुळते की लोककथांचा अभ्यासक जोसेफ जेकब्जने तिचं मूळ थेट भारतात शोधलं होतं. बाकीचे अभ्यासक आफ्रिकेकडे बोट दाखवतात. त्या डिस्कवर हा वादही ऐकायला मिळाला तर मी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजून ती घेईन.