हो ची मिन्ह सिटीच्या जुन्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये (२०२५ मध्ये शहरातले डिस्ट्रिक्ट रद्द झाले) एका दिवसात काय काय पाहून होईल?

बरंच काही, आणि तेही पायी. फक्त सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन आणि दमटपणा जीव काढतो.

सुरुवात इंडिपेन्डन्स पॅलेसपासून करा आणि सर्वात जास्त वेळ इथेच द्या. ही दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांची इमारत. ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेचे रणगाडे हिचं फाटक तोडून आत शिरले आणि युद्ध संपलं. वरचे दिवाणखाने बघाच, पण खरी मजा तळघरात आहे: भिंतीभर नकाशे, जुने टेलिफोन, रेडिओ यंत्रं. गच्चीवर हेलिकॉप्टरही उभं आहे.

तिथून नोत्र दाम चर्च चालत दहा मिनिटांवर. १८८० मध्ये पूर्ण झालेलं, विटा थेट फ्रान्समधल्या मार्सेयहून आणलेल्या. बरीच वर्षं दुरुस्ती चालू असल्यामुळे बाहेरूनच बघायचं धरून चला. समोरचं जुनं पोस्ट ऑफिस मात्र चुकवू नका. ते आयफेल टॉवरवाल्या आयफेलनं बांधलं असं गाईड ठोकून देतात, ते खरं नाही. तिथून घरी एक पोस्टकार्ड टाका.

डोंग खोई रस्त्यानं खाली उतरलात की ऑपेरा हाऊस, पुढे न्गुयेन ह्वे हा पादचारी रस्ता. तिथे संध्याकाळीच जा.

बेन थान मार्केटमध्ये घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका. त्याच्या जवळच तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मरिअम्मन देवीचं मंदिर आहे, स्थानिक व्हिएतनामी लोकही तिथे उदबत्ती लावायला येतात.

वॉर म्युझियम जुन्या डिस्ट्रिक्ट ३ मध्ये येतं, पण पॅलेसपासून जवळच आहे.