कागदावर तिचं नाव : वाचकांचे प्रश्न

आम्ही ठाकर आदिवासी. माहेरची शेती शहापूर तालुक्यात आहे, मी लग्नानंतर कळव्याला असते. वडील गेले. भाऊ म्हणतो, "आपल्यात मुलीला वाटा नसतो," आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागतो. करू का?

करू नका, ताई. हिंदू वारसा कायदा, १९५६ अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. म्हणून २००५ साली लेकींना मिळालेला समान हक्क तुमच्या दारापर्यंत आलाच नाही. कायदा लागू नसल्याचा फायदा अनेक घरांत भाऊ घेत आले. पण १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वगळणारी रूढी आहे असं धरून चालता येणार नाही; जो ती सांगतो त्यानंच ती सिद्ध करायची, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा भावाला विचारा, "पुरावा काय?"

आधी तलाठ्याकडे वारस नोंदीची चौकशी करा. तुम्हाला वगळून फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नावांचा बदल, पडला असेल तर लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. वकिलाच्या खर्चाची भीती नको: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला आणि आदिवासीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि तुम्ही तर दोन्ही आहात.

मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावर वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा, दावा नवऱ्याच्या एकट्याच्या नावानं भरलाय. चालेल?

नाही. वनहक्क कायदा, २००६ नुसार विवाहित असाल तर पट्टा दोघांच्या नावे हवा. ग्रामसभेत अर्ज देऊन नाव घाला. पट्टा विकता येत नाही, पण वारसांना मिळतो.

कोपरखैरणेहून येताना भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कातकरी बाया दिसतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून त्यांना जाऊ देत नाहीत, असं कळलं. हा गुन्हा आहे का?

होय. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यातलं कर्जही रद्द झालं. उचल बहुतेकदा लग्नासाठी किंवा आजारपणासाठी पावसाळ्यात घेतलेली असते, आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती विटा पाडून फेडतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की मजुरी जोडीची धरतात, हिशेब नवऱ्याच्या नावावर लिहितात, आणि पहाटेपासून विटांचा चिखल तुडवणारी बाई त्या वहीत कुठेच नसते. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. मुक्ततेचा दाखला मागताना तिचं नाव वेगळं लिहा, कारण दाखला प्रत्येकाचा स्वतंत्र हवा.