रोध शून्य दिसला की आधी संशय घ्या

नमुना थंड करताना त्याचा विद्युत रोध शून्यावर आला की नवख्याला वाटतं, झालं, अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहू देणारा पदार्थ) सापडला. आधी चारही जोडण्या (दोन प्रवाहाच्या, दोन व्होल्टेजच्या) बघा. नमुन्याला तडा असला तर प्रवाह व्होल्टेजच्या तारांना वळसा घालून जातो आणि मीटर शून्यच काय, ऋण आकडाही दाखवतो. तारांच्या जागा बदलून पुन्हा मोजा. प्रत्येक तापमानाला प्रवाह उलटवा आणि दोन्ही व्होल्टेजमधल्या फरकाचा निम्मा घ्या. तारांच्या टोकांमधल्या तापमानफरकाने उपजणारं तापविद्युत व्होल्टेज त्यात कटतं.

मग भेसळ. २०२३ मध्ये खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा झालेल्या एलके-९९ या पदार्थाचा रोध १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम पडला, ती करामत त्यात भेसळ असलेल्या कॉपर सल्फाइडच्या रचनाबदलाची निघाली. शुद्ध स्ट्रॉन्शियम रुथेनेट १.५ केल्विनला अतिवाहक होतो. आत रुथेनियमचे कण अडकलेले असले तर रोध ३ केल्विनलाच घसरू लागतो. रोध शून्य व्हायला अतिवाहकाचा एक बारीक सलग धागा पुरतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

अतिवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणून चुंबकन मोजा: शून्य क्षेत्रात थंड करून, मग १० ओर्स्टेडचं क्षेत्र लावून. चपटा नमुना क्षेत्राला लंब ठेवलात तर विचुंबकन घटकामुळे (नमुन्याच्या आकाराने त्याच्यावरचं क्षेत्र बदलतं) अतिवाहक भाग १०० टक्क्यांहूनही जास्त दिसतो! तो आकडा तसाच छापू नका. पृष्ठभागावरचं अतिवाहक पातळ कवचही आतला भाग झाकतं, तेव्हा पूड करून पुन्हा मोजा. मात्र कण भेदन-खोलीपेक्षा (क्षेत्र अतिवाहकात जितकं आत शिरतं ती खोली), म्हणजे साधारण काहीशे नॅनोमीटरपेक्षा, बारीक झाले तर खराखुरा सिग्नलही मरतो.

खरी साक्ष विशिष्ट उष्म्यातल्या (नमुना एका अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेतल्या) उडीची, जी अतिवाहक होण्याच्या तापमानाला दिसते. ती एखाद्या धाग्याने किंवा कवचाने येत नाही.