स्विफ्टला १४ ऐवजी १५ इंची टायर टाकून ॲव्हरेज वाढेल का?

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. व्हीएक्सआय स्विफ्ट, कंपनीचे १६५/८० आर १४ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचा व्यास इंचात) संपत आलेत, आणि टायरवाला म्हणतोय १५ इंची रिम घ्या, १९५/६५ टाका, "मोठं चाक, कमी फेरे, जास्त ॲव्हरेज". असेच १९५/६५ मलाही बसवून दिले होते आणि ते फार महागात पडले.

चाकाचे फेरे कमी होतात हे खरं. पण ओडोमीटर किलोमीटर मोजतो तो फेऱ्यांवरूनच. तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२० मिमी, १९५/६५ आर १५ चा ६३४. म्हणजे गाडी १०२४ मीटर जाईल तेव्हा मीटरवर १००० दिसतील, ॲव्हरेज वाढलेलं नाही, कमीच दिसेल. उलट ग्रुपवर कुणी १६५/७० आर १४ टाकून "ॲव्हरेज एकने वाढलं" म्हणतं, तेव्हा त्याचं चाक पाच टक्क्यांहून थोडं जास्तच लहान झालेलं असतं. पेट्रोल तेवढंच जळलं, तरी २० चं २१ दिसणारच. शिवाय त्या टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) सहसा ८१, म्हणजे ४६२ किलो; तुमच्या कंपनी साइझचा ८५, म्हणजे ५१५ किलो. पाच माणसं आणि डिकी भरून घाट चढणाऱ्या गाडीला हे करू नका.

आता माझं. गाडी झेडएक्सआय, म्हणजे स्विफ्टचंच वरचं मॉडेल, कंपनीचे टायर १८५/६५ आर १५. तेच टायर सांगून ठेवले होते. दुकानाने बसवले १९५/६५, "एक नंबर वरचा, ग्रिप चांगली" म्हणून. बिलावर फक्त "१५ इंची टायर, ४ नग". भरल्या गाडीत आंबा घाटात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासायचा. परत गेलो तर "टायर चालवलेत, आता घेता येणार नाहीत, आणि तुम्हीच हे मागितले". बिलावर साइझच नाही, तर दाखवणार काय? पुढे व्हील बेअरिंग वाजायला लागलं. एक्सटेंडेड वॉरंटी चालू होती, पण सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर "टायर कंपनी साइझचे नाहीत" असं लिहून हात वर केले. बेअरिंग त्यामुळेच गेलं का, हे कुणी तपासलंही नाही. टायर, बेअरिंग, सगळा खर्च माझ्यावर. आजही त्या दुकानावरून जाताना संताप होतो.

म्हणून बिलावर पूर्ण साइझ, लोड इंडेक्स आणि बनावटीचा चार आकडी नंबर (आठवडा आणि वर्ष) लिहून घ्याच. लिहायला नकार दिला तर उठून दुसरीकडे जा.

१५ इंचीच हवी असेल तर १८५/६५ घ्या. तिचा व्यास ६२१, तुमच्या टायरएवढाच, आणि वरच्या मॉडेलला कंपनीच ती देते. पण निव्वळ ॲव्हरेजसाठी रिमवर पैसे घालू नका. टायर रुंद होतो, अलॉय हलकं नसेल तर वजनही वाढतं. माझं मत: १६५/८० च ठेवा, फक्त कमी रोलिंग रेझिस्टन्सचा (फिरताना कमी ओढ लागणारा) टायर बघा. काहींवर बीईईचं (फ्रिज-एसीला स्टार देणारी सरकारी संस्था) स्टार लेबल असतं. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला तर इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं, त्याहून मोठी आशा धरू नका. आणि ओल्या रस्त्यावरची पकड विचारल्याशिवाय घेऊ नका, आपल्याकडच्या पावसात तीच आधी.

नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज थोडं घसरलं तर घाबरू नका. झिजलेला टायर व्यासाने लहान असतो, त्यामुळे जुना आकडा फुगलेला होता, आणि नव्या जाड रबराला ओढही जास्त लागते. तुलना करायचीच तर ओडोमीटरवर नको, मोबाइलच्या जीपीएसवर अंतर घ्या, त्याच पंपावर टाकी फुल करा.

मी मेकॅनिक नाही, तुमच्या गाडीचं वर्षही माहीत नाही, त्यामुळे ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर माझ्यापेक्षा वरचढ समजा. हवेचा आकडाही तिथलाच, आणि तोही टायर थंड असताना, सकाळी. पाच पीएसआय कमी हवेत साधारण एक टक्का पेट्रोल जातं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. रिमचा ॲडव्हान्स दिला नसेल तर आजच नाही म्हणून टाका. दिला असेल तर १८५/६५ बसवून मागा आणि तसं बिलावर लिहून घ्या.